उत्तरेकडचा उजेड

"हा साचा लंगडतोय," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात लालबागमध्ये गेली. तरुणपणी एका गिरणीच्या साचेखात्यात होते; गिरणीच्या भाषेत साचा म्हणजे माग. १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे मँचेस्टरला आले, तेव्हा त्यांना बर्नलीजवळच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये घेऊन गेलो. आता तिथे संग्रहालय आहे. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा स्वयंसेवक चार-पाच पर्यटकांना माग चालवून दाखवत होता. माझ्या कानाला तो नुसता खडखडाट. अण्णांनी मात्र मान तिरकी करून एक मिनिटभर ऐकलं आणि निकाल दिला. त्यांना इंग्रजी येत नाही, त्या गृहस्थांना मराठी येण्याचा प्रश्नच नाही. अण्णांनी हाताने आडवा धागा घेऊन जाणाऱ्या धोट्याची ये-जा दाखवली, डावीकडे आल्यावर मनगट जरा उशिरा उडवलं आणि वरच्या दांडीला बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्याकडे बोट केलं. म्हाताऱ्याने माग थांबवला, पट्टा चाचपला, हसला आणि आवळला. पुन्हा सुरू केल्यावर ठोका दोन्हीकडून सारखा पडायला लागला, तो फरक मलासुद्धा कळला.

जुन्या गिरण्यांचं काय करायचं हा वाद इथे उत्तर इंग्लंडमध्ये गेली चाळीसेक वर्षं चालू आहे. त्याबद्दल वाचताना मला दर वेळी तो पट्टा आठवतो. कारण या वादात इमारतीच्या दर्शनी भिंतीबद्दल, मनोऱ्याबद्दल, चिमणीबद्दल खूप बोललं जातं आणि आतल्या कामाबद्दल फार कमी.

बर्नली हे लँकेशरमधलं विणकरांचं गाव. या परगण्यात श्रमाची वाटणी जवळजवळ नकाशावर आखल्यासारखी होती. दक्षिणेकडे ओल्डहॅम, बोल्टन इथे सूत कातायचं, उत्तरेकडे बर्नली, नेल्सन, ब्लॅकबर्न इथे कापड विणायचं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर एकट्या बर्नलीत सुमारे एक लाख माग होते आणि माणसंही साधारण तेवढीच. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गावात इतके माग नव्हते, असं इथले लोक अजून सांगतात. मग परदेशी बाजार गेले, आणि त्यातला सर्वांत मोठा बाजार आपला होता. १९५९ मध्ये सरकारने कायदाच केला आणि मालकांना जुनी यंत्रं मोडीत काढायला पैसे दिले. घण घालून माग फोडले गेले. पुढची वीस वर्षं लँकेशरमध्ये जवळपास आठवड्याला एक गिरणी बंद पडत होती.

इमारती मात्र उरल्या. लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने बर्नलीत चाललात तर त्या अजून दिसतात. काजळीने काळवंडलेला वालुकाश्म, खिडक्यांच्या सरळ रांगा, माल चढवायची लोखंडी कप्पी. या भागाला 'वीव्हर्स ट्रँगल', म्हणजे विणकरांचा त्रिकोण, म्हणतात. ते नावही जुनं नाही, १९७० च्या दशकातलं. सगळं पाडायची वेळ आली तेव्हा कुणाला तरी नाव ठेवायचं सुचलं. तिथली व्हिक्टोरिया मिल दुरुस्त करून २०१३ मध्ये तिच्यात तंत्रशाळा काढली, मुलं पुरेशी आली नाहीत म्हणून तीन वर्षांत ती बंद पडली. मग विद्यापीठाने जागा घेतली आणि आता तिथे वर्ग भरतात. म्हणजे पहिला प्रयोग फसला तरी इमारत दुसऱ्याच्या हाती लागली. हे होऊ शकलं, कारण तोवर छत शाबूत होतं. गिरणीच्या जगण्यामरण्याचा प्रश्न बहुतेक वेळा छताशीच येऊन थांबतो.

छताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. कताईची गिरणी पाच-सहा मजली, विटांची, कोपऱ्यात मनोरा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. फोटो तिचे निघतात आणि फ्लॅटही तिचेच होतात. विणकाम मात्र मजल्यावर करता येत नाही. शेकडो मागांचे धोटे एकाच वेळी आपटायला लागले की इमारत हादरते, म्हणून माग जमिनीवर, दगडी फरशीवर, एकमजली शेडमध्ये. या शेडचं छत करवतीच्या दातांसारखं असतं आणि प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची. ती काच उत्तरेकडे तोंड करून. इथला सूर्य दक्षिणेकडून फिरतो. उत्तरेच्या काचेतून ऊन सहसा थेट आत येत नाही, फक्त उजेड येतो, सावली न पाडणारा, सकाळ-दुपार सारखा. तुटलेला धागा त्यात लगेच दिसतो. दोन दातांमधल्या खाचेत पन्हळ, आणि पुष्कळ ठिकाणी पन्हळीतलं पाणी खाली न्यायला ओतीव लोखंडाचे पोकळ खांबच वापरलेले. ज्याने हे आखलं त्याला आपण वास्तुकलेचा नमुना उभारतोय असं वाटलंही नसेल. पण एवढं काटेकोर आणि कामाशी इतकं जोडलेलं बांधकाम मी कुठल्या मनोऱ्यात पाहिलेलं नाही.

आणि नेमकी हीच शेड आधी पाडली जाते. बाहेरून ती दिसायला काहीच नाही, एक लांबलचक बुटकी भिंत. एका पन्हळीत पानं अडकली की पाणी उलटं फिरतं, लाकूड कुजतं, काच खचते आणि दोन-तीन पावसाळ्यांत (इथे वर्षभर पावसाळाच) सगळं संपतं. मग मालक म्हणतो, पुढची कचेरी आणि चिमणी ठेवतो, मागची शेड पाडून वाहनतळ करतो. नगरपालिका खूश, वारसाप्रेमी निम्मे खूश. गिरणीतलं जे गिरणीपण होतं, ते डांबराखाली.

'चेहरा ठेवा, पोट काढा' या तडजोडीला माझा विरोध आहे. दोनातून एकच राखता येणार असेल तर मी शेड राखेन आणि दर्शनी भाग सोडून देईन.

याला विरोध करणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. त्यांतल्या पहिल्यांचं म्हणणं मला खरोखर जड जातं. ते म्हणतात, या छळाच्या जागा होत्या, त्यांचे गोडवे कसले गाता? बरोबरच आहे. दहा-बारा वर्षांची मुलं अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत असायची, आणि ही पद्धत १९१८ च्या कायद्याने मोडीत काढली तोवर चालू होती. शेडमध्ये कानठळ्या बसायच्या, तिशीत माणसं बहिरी व्हायची. म्हणून बायका एकमेकींशी ओठ मोठमोठे हलवून बोलत आणि ती सवय त्यांना घरीही सुटत नसे. अण्णांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "आम्ही पण तसंच बोलायचो. हात आणि ओठ." धोट्याच्या भोकातून धागा ओढायला त्याला तोंड लावून शोषायचं, त्यात एकीचं आजारपण दुसरीला. अशा घरातल्या लेकीने 'पाडा एकदाची' म्हटलं तर तिला वारशाचं महत्त्व समजावण्याचा अधिकार मला नाही.

पण पाडल्यावर काय होतं तेही पाहिलं पाहिजे. गिरणी जाते आणि उरतो तो मालकाचा बंगला, त्याने बांधलेलं चर्च, त्याच्या नावाची बाग आणि चौकातला पुतळा. छळाची आठवण पुसली जाते, छळणाऱ्याची दानशूर म्हणून राहते. शेडमध्ये उभं राहून एकच माग चालू असताना जो आवाज होतो, त्याला हजाराने गुणून पाहा, मग कुणी गोडवे गाणार नाही.

शिवाय गिरणीची गोष्ट फक्त मालक आणि मजूर एवढी सरळ नसते. क्वीन स्ट्रीट मिल १८९४ मध्ये बांधली ती कुणा शेठने नव्हे. हार्ल साइक या खेड्यातल्या लोकांनी कंपनी काढली आणि तिचे शेअर घेणाऱ्यांत स्वतः विणकर होते. गंमत अशी की आपणच भागीदार म्हणून इथे मजुरी बर्नलीच्या ठरलेल्या दरापेक्षा कमी असायची आणि १९१५ मध्ये त्यावरून मोठा संप झाला. स्वतःच मालक, स्वतःच संपकरी! सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्रातल्या वाचकाला यावर जास्त सांगायची गरज नाही. मागांची ही सगळी रांग चालवायला पाचशे अश्वशक्तीचं एकच वाफेचं इंजिन. त्याचं मूळ नाव 'प्रूडन्स', पहिलं महायुद्ध संपल्यावर ते 'पीस' झालं. कोळशावर, वाफेवर ही गिरणी चालत राहिली ती थेट मार्च १९८२ पर्यंत. अण्णांचा संप सुरू झाला त्याच वर्षी १८ जानेवारीला. दोन महिन्यांच्या आत दोन टोकांना दोन भोंगे थांबले.

आज वाफेवर चालू शकणारी विणकामाची अशी शेड जगात ही एकच उरली आहे असं मानतात. इमारत सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये लँकेशर काउंटीने खर्चाला कात्री लावताना ती इतर चार संग्रहालयांबरोबर बंद केली. पुढे दार थोडं किलकिलं झालं, उन्हाळ्यात मोजके दिवस. विरोधकांचा दुसरा प्रकार इथे भेटतो, हिशेबी माणसांचा. ते म्हणतात, काउंटीकडे म्हाताऱ्यांची देखभाल करायला पैसे नाहीत, तुम्ही कसली इंजिनं चालवता?

हा प्रश्न टाळून चालत नाही. माझं उत्तर असं की पैसा नाही हे खरं, पण आहे तो पैसा जातो कुठे हेही बघा. या देशात नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य. जुन्या इमारतीचं छत दुरुस्त केलं तर वीस टक्के. काही प्रकारच्या रूपांतराला सवलतीचा दर आहे, साध्या दुरुस्तीला नाही. संरक्षित इमारतीतल्या मंजूर बदलांना पूर्वी शून्य दर होता, तोही ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेतला. ज्या ट्रस्टला व्हॅट परत मागता येत नाही, तिने पन्हळ बदलायची म्हटलं की पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वरून सरकारला. आणखी एक. रिकाम्या औद्योगिक इमारतीला सहा महिने स्थानिक करातून सूट, नंतर पूर्ण कर. संरक्षित यादीत असेल तर माफ, पण बहुतेक शेड यादीत नसतातच. मालक काय करतो? छत काढतो. छत नाही म्हणजे वापरण्याजोगी इमारत नाही, म्हणजे कर नाही. सरकारचाच नियम पन्हळीतल्या पानांच्या मदतीला धावतो! यातलं काहीही बदलायला संग्रहालयाएवढा खर्च येत नाही. फक्त अर्थखात्यातल्या कुणी तरी एकदा पावसात अशा शेडमध्ये उभं राहायला हवं.

ग्रेटर मँचेस्टरमध्ये १९८० च्या दशकात गिरण्यांची मोजदाद झाली होती. त्यांतल्या जवळपास निम्म्या तेव्हापासून आजपर्यंत गेल्या. काही पाडल्या, काही जळाल्या. यॉर्कशरमधल्या कीथलीची डाल्टन मिल्स, एवढी देखणी की तिथे चित्रीकरणं व्हायची, मार्च २०२२ मध्ये पेटली. त्याच वर्षी मे महिन्यात ओल्डहॅममधल्या बिस्मार्क हाउस मिलला आग लागली. त्या आगीची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो. इमारत पाडायला घेतली तेव्हा जुलैत ढिगाऱ्यात माणसांचे अवशेष सापडले. ते चौघे व्हिएतनामचे होते. आग विझल्यावर दोन महिन्यांहून अधिक काळ तिथे कुणी होतं हे कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. कुणाचं लक्ष नसलेली गिरणी रिकामी असतेच असं नाही.

मग सगळ्या गिरण्यांचं संग्रहालय करायचं का? मुळीच नको. यॉर्कशरमधल्या सॉल्टेअरचं उदाहरण लोक नेहमी देतात. टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने १८५३ मध्ये उघडलेली ती प्रचंड गिरणी १९८६ मध्ये बंद पडली, पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्या माणसाने विकत घेतली, प्रसिद्ध चित्रकार डेव्हिड हॉकनीची चित्रं लावली, पुस्तकांचं दुकान, उपाहारगृह काढलं आणि २००१ मध्ये गाव जागतिक वारसा झालं. सुंदर आहे, जरूर जा. पण प्रत्येक गावाला हॉकनी कुठून आणणार? बर्नलीला सॉल्टेअर व्हायला सांगणं म्हणजे प्रत्येक तालुक्याला वेरूळ व्हायला सांगण्यासारखं.

बहुतेक शेड वाचल्या आहेत त्या फार साध्या मार्गाने. तिथे कुणी गाद्या शिवतं, कुणी गालिचे कापतं. कुठे मोटारी दुरुस्त होतात, कुठे व्यायामशाळा, लग्नाचा हॉल, मशीद, किराण्याचं घाऊक गोदाम. भाडं कमी, भाडेकरू छोटा, तक्रारखोर पण पन्हळ साफ करणारा. वारसाप्रेमींना हे बटबटीत वाटतं. त्या पत्र्याच्या पाट्या, ते फ्लेक्स! माझ्या मते या गावांतलं सर्वांत प्रामाणिक जतन हेच. तिथे सकाळी कुणी तरी कुलूप उघडतं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी हाताला तेल लागलेलं असतं. ब्रायरफील्ड मिल पेंडल नगरपालिकेने २०१२ मध्ये विकत घेतली आणि तिथे फ्लॅट, प्रौढशिक्षण, खेळाची जागा असं मिश्रण केलं. नाव ठेवलं 'नॉर्थलाइट', म्हणजे उत्तरेचा उजेड. नाव छान आहे. पण नगरपालिकेचा पैसा अशा एका मोठ्या इमारतीत ओतला जातो तेव्हा गल्लीतल्या वीस शेडना दुरुस्तीचं छोटं अनुदानही मिळत नाही, आणि मला वाटतं ते वीस छोटे चेक जास्त गिरण्या वाचवतील. मोठा पैसा एकाच ठिकाणी घालायचा तर तो क्वीन स्ट्रीटमध्ये घाला. तिथे फ्लॅट होऊ शकत नाहीत आणि तो माग सुरात लावणारी माणसं सत्तरीपलीकडे गेली आहेत.

'व्हिक्टोरियन' या शब्दावरही माझा थोडा राग आहे. गिरण्यांना ते विशेषण लावलं की गोष्ट १९०१ मध्ये संपते. लाकडी बुटांतल्या, शाल पांघरलेल्या बायकांचे फोटो लागतात आणि पडदा. पण याच शेडमध्ये १९५० पासून पुढे तीस वर्षं रातपाळ्या कुणी केल्या? मिरपूर, सिल्हेट आणि गुजरातमधून आलेल्या माणसांनी. इंग्रज माणूस रात्री यायला तयार नव्हता, म्हणून यांना बोलावलं. गिरण्यांचं शेवटचं आयुष्य त्यांच्या हातांवर निभावलं आणि संग्रहालयाच्या भिंतीवर त्यांच्यासाठी एखादाच फलक. गावातल्या निम्म्या पोरांच्या आजोबांनी जिथे रात्री काढल्या ती इमारत त्या पोरांना 'गोऱ्यांचा वारसा' म्हणून दाखवायची आणि मग ती पोरं फिरकत नाहीत म्हणून नवल करायचं!

आपलंही यात देणंघेणं आहेच. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर इथला कापूस तुटला तेव्हा लिव्हरपूलला गाठी गेल्या त्या मुंबई बंदरातून. वऱ्हाडच्या कापसावर डोळा ठेवूनच पुढे १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. हिंदुस्थानातल्या त्या कापसाला इथे सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, कचरा फार, सारखा तुटायचा. 'देवा, कापूस पाठव, पण सुरत नको,' अशी प्रार्थना विणकर करत, असं सांगतात. तेच ब्लॅकबर्न आपल्यासाठी धोतरं विणायचं. मग स्वदेशी, मग बहिष्कार आणि सप्टेंबर १९३१ मध्ये खुद्द गांधीजी डार्वेनला येऊन बेकार विणकरांना भेटले. गिरणीतल्या बायकांच्या घोळक्यात हसणारे गांधीजी, तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईत कैक खात्यांतून फिरली. अण्णा त्या शेडमध्ये परके नव्हतेच मुळी.

त्यांना मी परतीच्या गाडीत विचारलं, तुमच्या गिरणीचं आता काय आहे? "टॉवर," म्हणाले. "चिमणी ठेवलीय. रात्री तिच्यावर निळा लाइट मारतात." गिरणगावात १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते. एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक सामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे आपल्याकडे शेड वाचवण्याचा वाद नीट झालाच नाही. जमिनीचा भावच इतका होता की छतावर कुणी बोललं नाही. बर्नलीत जमिनीला भाव नाही, म्हणून शेड अजून उभ्या आहेत. गरिबीने जे राखलं ते श्रीमंती आल्यावर टिकेल याची खात्री मला इथेही नाही. म्हणून भाव चढण्याआधी यादीत नावं घाला, असं इथल्या मित्रांना सांगत असतो. ते हसतात, बर्नलीत भाव चढणार म्हणतो म्हणून.

वाटेत एका गावात चहाला थांबलो. समोर जुनी विणशेड होती, आता कापडाचं घाऊक दुकान. अण्णांना बघायचंच होतं. आत साड्या, ड्रेस मटेरियल, पडद्यांचं कापड, रांगाच्या रांगा आणि वर करवतीच्या दातांतून तोच एकसारखा उजेड. दुकानदार आजोबा गुजराती, हिंदीत बोलले. माल कुठला, म्हणून अण्णांनी विचारलं. "सुरत," ते म्हणाले. अण्णांनी एका ठाणाचं टोक काचेखाली धरलं, अंगठा आणि तर्जनीत चुरगाळलं, सोडून दिलं.

"पॉलिस्टर," म्हणाले आणि बायकोसाठी दुसरं काही आहे का ते बघायला पुढे गेले.